एकेक बिटाची बेरीज

जुन्या कॉम्प्युटरची रचना आता संग्रहालयातच शोभते, असं कुणीतरी म्हटलंय. पटलं नाही. १९६६ साली डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीने पीडीपी-८/एस हा कॉम्प्युटर काढला. त्याचा 'शब्द', म्हणजे एकत्र हाताळायची संख्या, १२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक), पण बेरीज एका वेळी एकाच बिटाची. सर्किट कमी लागल्यामुळे किंमत १०,००० डॉलरच्या आत आली. वेग मात्र गोगलगायीचा! आज रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-आज्ञासंचावर चालणारा 'सर्व्ह' हा चिमुकला कोअर (प्रोसेसरचा गाभा) हेच करतो, ३२ बिटांच्या बेरजेला किमान ३२ क्लॉक सायकल, म्हणजे चिपच्या घड्याळाचे ठोके. गेट, म्हणजे सर्किटचे छोटे घटक, कमी, म्हणून लीकेज, म्हणजे नुसती गळून वाया जाणारी वीज, तीही कमी. पण मेख अशी की काम लांबलं की चिपही तेवढा वेळ जागी राहते, त्यामुळे एकूण ऊर्जा वाचेलच असं नाही. अधूनमधून तापमान मोजणाऱ्या सेन्सरला चालेल. सतत आवाज ऐकत बसणाऱ्या उपकरणात मी तरी वापरणार नाही.