आई गेल्यानंतर भावंडांमध्ये आलेला दुरावा : हे सगळीकडेच घडते का?

ओंजळ

आईला जाऊन आता वर्ष होत येईल. आम्ही तीन भावंडे. दादा आणि वहिनी आई-बाबांजवळ राहत होते. मी आणि धाकटा भाऊ दूर. आईच्या दीर्घ आजारपणात आम्ही पूर्वी कधी नव्हतो इतके एकमेकांच्या जवळ आलो होतो. रोज फोन होत असत, डॉक्टरांशी कोणी बोलायचे आणि रात्रीच्या जागरणाला कोणी थांबायचे हे सगळे विचारविनिमयाने ठरत असे. ती गेल्यानंतर मात्र वर्षभरातच आमच्यातील बोलणे कामापुरते उरले आहे.

दादाने महिन्याभरात आईचे कपाट रिकामे केले. कपडे, चष्म्याचे घर, तिच्या अक्षरात फोन नंबर लिहिलेली वही, सगळे कोणालाही न विचारता देऊन किंवा टाकून दिले. मी विषय काढला तेव्हा "ठेवून काय करायचे होते?" एवढेच तो म्हणाला. बँकेची कामे, कागदपत्रे, बाबांच्या तपासण्या हे सारे तो बिनबोभाट पार पाडतो, पण आईबद्दल एक शब्द बोलत नाही आणि त्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलेले नाही. धाकटा फोनच उचलत नाही. बाबांशी बोलणे ही तर वेगळीच अडचण होऊन बसली आहे. पूर्वी फोनवर आईच बोलायची आणि शेवटी "घ्या, लेकीशी बोला" म्हणून फोन बाबांच्या हातात द्यायची. आता ते स्वतः फोन घेतात, "बरे आहे, तू बरी आहेस ना? ठेवतो" म्हणतात, आणि अर्ध्या मिनिटात संभाषण संपते.

दादाला काही वाटलेच नाही, असा विचार मनात येतो आणि तो आला की स्वतःचाच राग येतो. ज्यांच्या घरी असे घडले, तेथे पुढे काय झाले? नाती कशाने सावरली, किंवा सावरलीच नाहीत? "काळ हेच औषध" हे उत्तर अनेकांनी दिले आहे, त्यामुळे ते कृपया पुन्हा देऊ नये.

मध्यलय

मी शोकग्रस्त कुटुंबांच्या समुपदेशनाचे काम करतो. आपण वर्णन केलेली परिस्थिती इतक्या घरांतून ऐकायला मिळते, की तिला अपवाद म्हणता येणार नाही.

सर्वप्रथम दादांविषयी. शोक म्हणजे रडणे, बोलणे आणि आठवणी काढणे, अशी आपली समजूत असते. केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या अभ्यासकांनी शोकाच्या दोन ढंगांची मांडणी केली आहे. काही माणसे भावना व्यक्त करून शोक करतात, तर काही कामातून आणि विचारातून. बहुतेकांमध्ये दोन्हींचे मिश्रण असते. आईच्या नावावरील एकेक खाते बंद करत जाणारा मुलगा त्या प्रत्येक सहीच्या वेळी आई नाही हेच पुन्हा पुन्हा लिहून देत असतो. तो शोक करत नाही असे बाहेरून ठरवता येत नाही. "हा आत दाबून ठेवतो आहे, एक दिवस बांध फुटेल" असेही कोणी सांगेल, पण त्यालाही फारसा आधार नाही. जॉर्ज बोनॅनो यांच्या दीर्घकालीन अभ्यासांत असे दिसले, की मृत्यूनंतर तुलनेने स्थिर राहणाऱ्यांची संख्या बरीच मोठी असते आणि उशिराने उफाळणारा शोक मात्र क्वचितच आढळतो.

पाच टप्प्यांचा जो सिद्धांत सर्वत्र सांगितला जातो, तो एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडला. परंतु त्याचा आधार स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखती हा होता. मागे राहिलेल्या कुटुंबांना ते टप्पे नंतर लावले गेले, आणि त्यातून "तू अजून रागाच्याच टप्प्यावर अडकली आहेस" असली वाक्ये घराघरांत ऐकू येऊ लागली. माझ्या कामात मला १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी मांडलेला विचार अधिक उपयोगी वाटतो. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो : कधी गेलेल्या माणसाकडे, तर कधी बदललेल्या आयुष्याची घडी बसवण्याकडे. दोन्ही आवश्यक आहेत आणि मधूनमधून विसावाही आवश्यक आहे. घरातील ताणाचे कारण असे, की ही ये-जा प्रत्येकाची वेगळ्या वेळी चालते. आपण आईविषयी बोलायला फोन करता त्या संध्याकाळी दादा कदाचित नुकतेच त्यातून बाहेर येऊन बाबांच्या औषधांकडे वळलेले असतात. आपल्याला ते कोरडे वाटतात आणि त्यांना वाटते, ही पुन्हा तेच उकरून काढते आहे.

आता बाबांच्या फोनविषयी, कारण खरे दुखणे तेथे आहे असे मला वाटते. कुटुंबाचा व्यवस्था म्हणून अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९७६ मधील एका लेखात असे निरीक्षण नोंदवले होते, की मृत्यूनंतर कुटुंबात उठणारे हादरे केवळ त्या माणसावरील प्रेमावर अवलंबून नसतात, तर त्या माणसाचे घरातील काम काय होते यावर अवलंबून असतात. आणि हे हादरे कित्येक महिन्यांनी, वरवर असंबद्ध दिसणाऱ्या घटनांमधून जाणवत राहतात. आपली आई त्या घराचे टेलिफोन एक्स्चेंज होती. धाकट्याची खुशाली दादाला, दादाची चिडचिड सौम्य करून तुम्हाला, बाबांची काळजी सर्वांना, हे सारे तिच्यामार्फत जात होते. त्यामुळे तुम्हा चौघांमध्ये थेट संभाषणाची सवयच कधी लागली नसावी. आज जो दुरावा दिसतो, त्यातील काही भाग पूर्वीपासूनच होता आणि आई तो झाकून नेत होती, ही शक्यता विचारात घ्यावी.

व्यवहारात सांगायचे तर, बाबांना "कसे आहात" हा प्रश्न विचारू नये. त्यांना काही काम सांगावे किंवा त्यांचा सल्ला विचारावा. ज्यांना फोनवर बोलता येत नाही, त्यांना फोनवर काहीतरी करता येते.

उंबरठा

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु मूळ प्रश्नात एका व्यक्तीचा उल्लेख सुरुवातीलाच येऊन जातो आणि नंतर येतच नाही. ती व्यक्ती म्हणजे वहिनी. मी तिच्या जागेवरून लिहिते आहे.

माझ्या सासूबाई शेवटचे बरेच महिने अंथरुणाला खिळून होत्या. कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणे, चिडल्या तर ऐकून घेणे, रात्री त्या हाक मारतील म्हणून दार उघडे ठेवून झोपणे, हे माझे आयुष्य झाले होते. त्या गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने माझ्या यजमानांचे आणि नणंदेचे सांत्वन केले. मला लोकांनी विचारले ते, "आता जरा मोकळी झालीस ना?" डोका यांनीच १९८९ मध्ये अशा शोकाविषयी लिहिले आहे, ज्याला भोवतालचे लोक शोक म्हणून मान्यताच देत नाहीत. सून, घटस्फोटित जोडीदार, जिवलग मित्र, दीर्घकाळ सांभाळणारी परिचारिका हे त्या रांगेत शेवटी उभे असतात, किंवा रांगेतच नसतात.

कपाटाविषयी एक गोष्ट सांगते. दूर राहणाऱ्याच्या दृष्टीने ते कपाट म्हणजे आईची आठवण असते. जो त्या घरात राहतो, त्याला ते रोज सकाळी टॉवेल काढताना दिसते, त्याचा तो वास येतो, आणि औषधांचा डबा अजून त्याच खणात असतो. माझ्या नणंदेने आमच्यावर ठेवलेला आक्षेप अगदी हाच होता. ती वर्षातून दोनदा येऊन त्या कपाटापुढे बसणार होती. आम्ही उरलेले सगळे दिवस त्याच्यापुढून जाणार होतो. विचारायला हवे होते हे तिचे म्हणणे मान्य, पण "तुम्हाला काही वाटलेच नाही" हे वाक्य आम्हा दोघांना कपाटापेक्षा जास्त लागले.

आमच्या घरी कोंडी फुटली ती क्षमा मागितल्याने किंवा रडण्याने फुटली नाही. नणंद चार दिवस राहायला आली, तिने सासऱ्यांचे पथ्य, तपासण्यांच्या तारखा, विम्याचे कागद हे सगळे माझ्याकडून समजून घेतले, आणि जाताना तपासण्यांचे काम स्वतःकडे घेऊन गेली. दूरवरून तारखा ठरवता येतात, अहवाल मागवता येतात, डॉक्टरांशी बोलता येते. त्यानंतर आम्ही सासूबाईंविषयी बोलू लागलो, तेही आपोआप. एके दिवशी फाईल चाळताना तिला माझ्या हस्ताक्षरातील रात्रीच्या तापाच्या नोंदी सापडल्या. तिने विचारले, "या वेळेला तू रोज जागी असायचीस?" मी "हो" म्हटले. पुढे आम्ही दोघी बराच वेळ सासूबाईंच्या तिरसट बोलण्याच्या नकला करत हसत होतो.

आडवाट

थोडे वेगळे मत मांडतो. मृत्यूने माणसे जवळ येतात किंवा दुरावतात, अशा दोनच शक्यता धरून आपण चर्चा करत आहोत. काही नाती केवळ त्या एका माणसाच्या भिडेखातर टिकलेली असतात. माझ्या वडिलांच्या पश्चात थोरल्या भावाशी माझे बोलणे जवळपास थांबले आहे, आणि त्याला मी अपयश मानत नाही. वडील होते म्हणून आम्ही एकमेकांना सहन करत होतो. आता तसे करण्याचे कारण उरले नाही. आईच्या बाबतीत मात्र आम्ही दोघे आजही ठरल्याप्रमाणे वागतो, खर्च लेखी वाटून घेतो, आणि एकमेकांच्या घरी जात नाही. यालाही एक प्रकारची घडी बसणे म्हणता येईल.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. मालमत्तेचे बोलणे आणि आठवणींचे बोलणे एकाच बैठकीत करू नये. घराच्या वाटणीचा आकडा कोणी उच्चारला आणि त्याच दमात दुसऱ्याने "शेवटच्या दिवशी तू कुठे होतास" असे विचारले, की पुढे आकडाही ठरत नाही आणि त्या प्रश्नाचे उत्तरही मिळत नाही. कोणी किती सेवा केली, कोणावर आईचा जीव अधिक होता, शिक्षणावर कोणाच्या किती खर्च झाला, हे जुने हिशेब वाटणीच्या निमित्ताने वर येतातच. ते पैशात फिटत नाहीत, तरी माणसे पैशात मागतात.

सावकाश

आडवाट यांचे म्हणणे भावंडांना लागू पडत असेल, पण आमचा अनुभव पती-पत्नीचा आहे. आमचा मुलगा गेला. त्यानंतर अनेकांनी, काहींनी तर काळजीपोटी, आम्हाला ऐकवले की अशी बहुतेक जोडपी पुढे विभक्त होतात. या समजुतीला भक्कम आधार नाही हे मला फार नंतर वाचायला मिळाले, आणि तोवर त्या वाक्याने आम्हाला विनाकारण एकमेकांकडे संशयाने पाहायला लावले होते. ताण मात्र प्रचंड येतो. पत्नीला त्याचे फोटो पाहायचे असत, मला खोलीबाहेर जायचे असे. शेवटी आम्ही ठरवले, की ज्याला बोलायचे आहे त्याने विचारावे, आणि दुसऱ्याला "आज नको" म्हणण्याची मुभा असावी. मात्र "आज नको" म्हणणाऱ्याने कधी, तेही सांगावे. ऐकायला हे कार्यालयीन वाटते, पण आम्हाला उपयोग झाला.

आमच्या धाकट्या मुलीकडे सगळ्यांचे दुर्लक्ष झाले होते. लहान मुले पाच मिनिटे रडतात आणि लगेच खेळायला जातात. त्यामुळे त्यांना कळले नाही, असा मोठ्यांचा समज होतो. भेटायला येणारे तिला "आई-बाबांना सांभाळ" असे सांगून जात. नऊ वर्षांच्या मुलीला!

आणि गेलेल्याला "सोडून देणे" हेच बरे होण्याचे लक्षण, या आग्रहाविषयी एक सांगतो. १९१७ मध्ये फ्रॉइड यांनी शोकाचे काम म्हणजे गेलेल्या व्यक्तीपासून मन हळूहळू काढून घेणे, असे लिहिले होते. पुढे १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी वारली, आणि १९२९ मध्ये मुलगा गमावलेल्या एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले, की अशा माणसाची जागा कधीच भरून निघत नाही आणि तसेच असणे योग्यही आहे.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून मी वहिनीला फोन केला. बाबांच्या तपासण्यांच्या तारखा मागितल्या. तिने सगळ्या एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. बाबांना मी माझ्या घराच्या भाडेकराराचा मसुदा वाचायला दिला. त्यांनी दोन कलमांवर हरकत घेतली आणि ती समजावून सांगायला स्वतःहून फोन केला. दादाशी अजून बोलणे झालेले नाही; ते लगेच करावे असेही आता वाटत नाही.

प्रश्न धाकट्याचा उरतो. तो नोकरीवर जातो, पण मित्रांना भेटत नाही, आईचा फोटो समोर आला की खोलीतून निघून जातो, आणि "आता कशालाच अर्थ नाही" असे दोन-तीनदा म्हणाला आहे. ही शोकाची त्याची पद्धत म्हणून सोडून द्यावे का?

मध्यलय

सोडून देऊ नये. शोक दीर्घकाळ तितकाच तीव्र राहून दैनंदिन जगणे अडवू लागला, तर त्याचे स्वतंत्र निदान आता मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची, तर अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित निकषांत प्रौढांसाठी १२ महिन्यांची मर्यादा आहे. अर्थात निदान तज्ज्ञच करू शकतात, आणि मदत घेण्यासाठी ती मर्यादा उलटण्याची वाट पाहण्याची गरज नसते. "कशालाच अर्थ नाही" या बोलण्यामागे जगणे नकोसे झाल्याचा विचार आहे का, हे त्याला सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठावे. शक्य असल्यास हे फोनवर न करता प्रत्यक्ष जाऊन करावे, आणि जाण्यापूर्वी दादांना कळवावे. त्यांनाही धाकट्याची काळजी असणार, आणि सोबत कोणी जायचे हे ठरवायला दोघांनी बोलावे लागेलच.