कोंबड्यांनाही चालेल आणि आमच्या ताटातही येईल अशी पालेभाजी सुचवा (पालक-मेथी सोडून)

मागीलदार_गुहागर
डोंबिवलीचं बिऱ्हाड हलवून दिवाळीपासून गुहागर तालुक्यात सासरच्या घरी राहतोय. मागीलदारी दीडेक गुंठा परडं, जांभ्याची माती, विहीर. कोंबड्या चौदा: नऊ गावठी, पाच गिरिराज (सुधारित जात).

पालक लावला, ऊन चढताच तुरे आले. मेथीला कोंबड्या चोचही लावत नाहीत. चुका मात्र भसाभस आला, म्हणून फेब्रुवारीत महिनाभर रोज टोपलीभर चुका-पालक त्यांनाच घातला. मग एका सकाळी अंडं उचलताना कवच बोटाखाली चेपलं. फुटलं नाही, चेपलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. त्यातच एकदा बेड्याचं (कोंबड्यांच्या जाळीच्या आवाराचं) दार उघडं राहिलं आणि लाल माठाचा अख्खा वाफा त्यांनी मुळासकट उकरला.

आता मृग पंधरा दिवसांवर आलाय. बाजारात सहसा मिळत नाही, पण खाल्ली जाते अशी भाजी हवी आहे. सासूबाईंचं म्हणणं, "रानात एवढं उगवतं, लावायचं कशाला?" त्यांचं बरोबर आहे, पण टाकळा कोवळा असतो तो जेमतेम महिनाभर. पुढे काय?

वऱ्हाडी_ठेचा
अंबाडी लावा ताई, डोळे मिटून. पहिल्या पावसावर बी फोकायचं, हात-दीड हात झाली की शेंडे खुडायचे. जितकं खुडाल तितके फुटवे. ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. तांदळाच्या कण्याही चालतात, तुमच्याकडे त्याच असतील. कोंबड्या आधी मान वाकडी करून बघतात, मग खातात. आंबट आहे, म्हणून रोज नको.

दुसरी चिवळ. घोळीची बारीक पानांची बहीण. आमच्याकडे उन्हाळ्यात निवडता निवडता बोटं दुखतात, पण बेसन पेरून केली की भाकरी कमी पडते. टाकळ्याला आम्ही तरोटा म्हणतो, तेवढं कळलं.

सातारी_काका
पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षं काढली, म्हणून आधी कवचाचं बोलतो. चुका, पालक, घोळ यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून बसतं, कोंबडीच्या अंगी लागू देत नाही. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, ते आणायचं कुठून? शिवाय पाल्यात नव्वद टक्के पाणी. टोपलीभर पाला खाल्ला की पोट भरतं आणि दाणा तसाच राहतो. पाला ही कोंबडीची कोशिंबीर आहे, भाकरी नव्हे. दाणा खाऊन झाल्यावर, दुपारनंतर, कोंबडीमागे एक मूठ. बस.

तुम्ही समुद्राकाठी आहात, तिसऱ्यांच्या शिंपल्या फेकू नका. धुऊन, वाळवून, खलबत्त्यात ज्वारीएवढ्या कुटा आणि वेगळ्या वाडग्यात ठेवा. जिला हवं ती आपणहून खाईल. दाण्यात मिसळायचं नाही, आणि भाजून चुनाही करायचा नाही.

आता काय घालू नये ते. अळू कच्चं नको, घसा आपल्याला खाजतो तसाच. सुबाभळीचा पाला फुकट मिळतो म्हणून लोक घालतात. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की अंडी घटतात. बटाटा-टोमॅटोचा पाला नको. टाकळ्याच्या बिया कोंबड्यांना बाधतात, तेव्हा परड्यातला टाकळा शेंगा धरायच्या आत उपटा. लांब गवतही अख्खं टाकू नका, गळ्याखालच्या पिशवीत त्याचा बोळा होतो. बोटाच्या पेराएवढं चिरून घाला.

तळकोकणी
सगळे वाफ्याचंच बोलतायत. कोंबडी असलेल्या घरात भाजी वर चढवायची हो, जमिनीवर ठेवायची नाही! मायाळू लावा. ओल्या मातीत काडी खोचली की जगते. बेड्याच्या जाळीबाहेर फूटभरावर लावून वेल जाळीवर सोडा. आत आलेली पानं कोंबड्या ओरबाडतात, बाहेरची आपली. मुळं त्यांच्या पायांपासून लांब, आणि ऑक्टोबरच्या उन्हात बेड्याला सावली. पानांची भजी करा, डाळीत घाला. बुळबुळीतपणा नको असेल तर चिंच किंवा सोलं (आमसुलं) जरा सढळ हाताने.

दुसरा शेवगा, पण झाड वाढवायचं नाही. बिया दोन-दोन फुटांवर लावा आणि कमरेएवढा झाला की शेंडा मारा. दर महिना-दीड महिन्याने छाटत राहा, झुडूपच राहतं. शेंगा विसरा. उतारावर लावा, पाणी साचलं की मुळं कुजलीच. सुकलेल्या पाल्यात साधारण पाव हिस्सा प्रथिनं असतात, म्हणून पावसाआधी सावलीत वाळवून डब्यात भरला की कोंबड्यांच्या भरड्यात मूठभर टाकता येतो. आणि गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या घरच्या घरी. तुमच्या गुहागरला करतात का माहीत नाही, आमच्याकडे त्याशिवाय अष्टमी होत नाही.

शहरी_शेतकरी
अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, कोणीच कसं सुचवलं नाही? प्लास्टिकचा कागद, वीतभर पाणी, थोडी माती, शेण. रोज ताजं मिळतं, जमीन लागत नाही.

सातारी_काका
लागत नाही, पण मूळ प्रश्नात 'आमच्या ताटातही' असं आहे. अझोला तुम्ही खाणार का? :)
चेष्टा सोडा, चीज चांगली आहे, पण राबवते. रोज काढलं नाही तर थर साचून कुजतं, पस्तिशीपुढच्या उन्हात मान टाकतं, आणि शेणाचा वास जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून धुवावं लागतं. कोकणात मुसळधार पावसात खड्डा भरून वाहिला की अझोला शेजाऱ्याच्या शेतात. छप्पर असेल तरच करा.

शहरी_शेतकरी
माझ्या गच्चीवर दोन वर्षं चाललंय, छप्पर आहे म्हणूनच असेल. वास कोंबड्यांना चार दिवसांत सवयीचा होतो. पण ताटाचा मुद्दा मान्य.

थंडीतला_मराठी
इंग्लंडातून लिहितोय, अंगणात तीन कोंबड्या. आपला चाकवत इथे तण म्हणून उगवतो आणि त्याचं इंग्रजी नाव माहीत आहे? 'फॅट हेन', म्हणजे लठ्ठ कोंबडी! पूर्वी कोंबड्यांना पोसायला घालत. मी वाफ्यातून उपटतो, शेंडे ताकातल्या भाजीला ठेवतो, बाकी जुडी बांधून कोंबड्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगतो. पायाखाली टाकली की तुडवतात. आणि घरात आणण्याआधीच वाटणी करतो, कारण इथे स्वयंपाकघरातून गेलेला देठसुद्धा कोंबडीला घालायला कायद्याने बंदी आहे (घर पूर्ण वीगन असेल तर गोष्ट वेगळी). आईला हे सांगितलं तर ती अजून हसते.

चाकवत तुम्ही मात्र थंडीत लावा, आत्ता नको. तोही पालकाच्याच कुळातला, तेव्हा काकांचं ऑक्झॅलिकचं प्रवचन त्यालाही लागू.

वाफ्यासाठी एक युक्ती: चार इंच उंच फळ्यांची चौकट, वर जाड तारेची जाळी, आत माठ किंवा राजगिरा पेरायचा. जाळीच्या वर येईल तेवढंच त्या खुडतात, खाली पंजा पोचत नाही. जाळी ताणून बसवा. माझी पहिल्यांदा सैल होती, एक कोंबडी वर उभी राहिली आणि खाली माठ सपाट.

मागीलदार_गुहागर
सगळ्यांना धन्यवाद. शिंपल्यांचं वाडगं आजच ठेवलं. पाचही गिरिराज आधी त्यावर तुटून पडल्या, गावठींनी नंतर हुंगलं. मायाळूची काडी शेजारच्या काकूंकडे आहे. काका, खुराड्यातलं खत वाफ्याला थेट घातलं तर चालेल?

सातारी_काका
ताजं अजिबात नको, कोवळी रोपं करपतात. शिवाय पालेभाजी आपण कधी कच्चीही खातो, रोगजंतूंचा धोका. पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात तीन-चार महिने कुजू द्या, मग घाला.

मागीलदार_गुहागर
(ऑगस्ट) हिशेब देते. अंबाडी उत्तम, तांदळाच्या कण्या घालून केली, मुलाने दोनदा मागून घेतली. कोंबड्या फक्त कोवळी खातात. शेवग्याची बारापैकी चार रोपं कुजली, खालच्या अंगाची. चौकटीतला माठ जगलाय, टक्कल पडल्यासारखा दिसतो पण पुन्हा फुटतोय. कवच आता टणक आहे, वाटीच्या काठावर दोनदा आपटावं लागतं. आणि मायाळू! जाळीच्या आतून कोंबडीच्या मानेच्या उंचीपर्यंत एक पान नाही, वर नुसतं जंगल. सासूबाई रोज संध्याकाळी तिथे उभ्या राहून वरची पानं काढून आत टाकतात. लावायचं कशाला म्हणणाऱ्या त्याच.

चाकवताचं बी कुणाकडे आहे का? इथे दुकानात 'पालकच घ्या' म्हणतात.

सातारी_काका
आहे माझ्याकडे. नवरात्रात आठवण करा, पाकिटात घालून पाठवतो.