सेल्टा करू की एम.ए. इंग्लिश? (झेडपी शाळा, पहिली ते चौथी)

जालन्याचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी जालन्याकडं झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग आणि आम्ही दोघं. माझं स्वतःचं सगळं शिक्षण मराठीतून, इंग्रजी पाचवीला सुरू झालं, डी.एड. पण मराठीतूनच. पुस्तक वाचता येतं, अर्थ सांगता येतो, पण सलग चार वाक्यं बोलायची म्हणलं की जीभ अडते. प्रशिक्षणाला गेलं की सांगतात इंग्रजीच्या तासाला मराठी अजिबात नको, आणि हे आम्हाला मराठीतच सांगतात ते सोडा. तसं करून बघितलं थोडे दिवस, लेकरं नुसती तोंडाकडं बघत बसायची. इकडं इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी गावात येती, पट घसरायला लागलाय.
म्हणून म्हणलं पदरचे पैसे घालून काहीतरी कोर्स करावा. एक मित्र म्हणतो सेल्टा कर, म्हणजे इंग्रजी कसं शिकवायचं याचा परदेशी कोर्स, दुसरा म्हणतो बाहेरून एम.ए. कर, आणि ऑनलाइन टीईएफएल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) सर्टिफिकेटच्या जाहिराती तर दिवसभर येतात. कुणी केलंय का यातलं काही? पहिलीच्या लेकरांना त्याचा खरंच काय उपयोग होईल?

खडू_संपला
एम.ए. ला सॉनेट, समीक्षा आणि भाषाशास्त्राचा एखादा पेपर. नावापुढं लावायला छान. 'ओपन युवर बुक्स' म्हणायला काही उपयोग नाही, स्वतः केलंय म्हणून सांगतो.

कोथरूडची_ट्रेनर
सर, मी सेल्टा केलेलं आहे त्यामुळे त्याबद्दल नीट सांगते. केंब्रिजचा कोर्स आहे, साधारण १२० तासांचा, त्यात किमान ६ तास तुम्ही प्रत्यक्ष वर्गावर शिकवायचं आणि मागे ट्यूटर बसून सगळं लिहून घेतो, शिवाय चार लेखी असाइनमेंट्स. पण हा कोर्स मुळात मोठ्या माणसांना शिकवण्यासाठी आहे, छोटा वर्ग, वर्गात वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक, असं धरून केलेला. तुमच्याकडे चार इयत्ता एका खोलीत आणि सगळ्यांची भाषा एकच. फी लाखाच्या पुढे जाते आणि प्रवेशाला मुलाखत असते, त्यात तुमचं स्वतःचं इंग्रजी बघतात, ते बऱ्यापैकी वरचं लागतं. म्हणून आत्ता नकोच म्हणेन.
एक मात्र त्यातून उचलण्यासारखं आहे आणि ते फुकट आहे. आपण सूचना देतो आणि विचारतो 'अंडरस्टँड?', सगळा वर्ग एका सुरात 'येस सर', आणि मग अर्धी मुलं भलतंच करत असतात. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारायचे, बुक ऑर नोटबुक? अलोन ऑर विथ युवर फ्रेंड? मुलाला एका शब्दात उत्तर देता येतं आणि कळलंय की नाही ते तुम्हाला तिथल्या तिथे दिसतं. आमच्या बी.एड. च्या सराव पाठांना असलं कोणी सांगितलं नाही हो, तिथे पाठ टाचणात उद्दिष्टं बरोबर लिहिली का एवढंच बघायचे आणि पाठ अर्धा झाला की निरीक्षक पुढच्या वर्गात.
कागदच हवा असेल तर इग्नूचा सीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचा सर्टिफिकेट कोर्स, बघा, किंवा हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ, पूर्वीचं सीआयईएफएल) पीजीसीटीई, तो पदव्युत्तर पातळीचा. दोन्ही आपल्याकडच्या शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत. जाहिरातीतली टीईएफएल सर्टिफिकेटं सोडून द्या, पोरांसमोर एकदाही उभं न राहता मिळणारा कागद आहे तो.

रिटायर_केंद्रप्रमुख
गुरुजी, तुमचा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही बरं का. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो, गरिबाच्या पोट्ट्याला इंग्रजी पाचवीपर्यंत थांबवायचं आणि साहेबाच्या पोराला केजीपासून द्यायचं हे काही बरं नव्हतं. पण शिकवणार कोण, तर ज्यानं स्वतः पाचवीत एबीसीडी काढली तो. मग प्रशिक्षणं सुरू झाली. राज्यावर तज्ज्ञ तयार होणार, ते जिल्ह्याला शिकवणार, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, आणि केंद्रावर येईस्तोवर उरायचं काय तर गाणी, कृती आणि हजेरीपटावर सही. मी स्वतः अशी कितीतरी प्रशिक्षणं घेतली आहेत. सगळ्यांत एकच गोष्ट राहून जायची, आपण मास्तरला पद्धत शिकवत होतो, भाषा नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला 'कम्युनिकेटिव्ह', म्हणजे बोलण्यातून भाषा शिकवायची पद्धत, शिकवून काय होणार?
त्यातल्या त्यात बरं वाटलं ते तेजस प्रकल्पाचं. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि शासन असं मिळून २०१६ ला काही जिल्ह्यांत सुरू झालं होतं. त्यात टॅग म्हणजे टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप, जवळपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक दिवसांनी बसायचे, आपापल्या वर्गात काय केलं ते इंग्रजीत सांगायचे, चुकतमाकत. हसणारं कोणी नाही, कारण सगळे एकाच नावेत. प्रकल्प संपतात, पण असा गट करायला जीआर लागत नाही. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच, तिथं अर्धा तास मागून घ्या.
आणि ते 'मराठी अजिबात नको' डोक्यातून काढा. डॉडसन नावाच्या माणसानं वेल्समध्ये प्रयोग करून १९६७ साली द्विभाषिक पद्धत मांडली, त्यात अर्थ मुलाच्या भाषेत एकदा सांगून टाकायचा आणि वाचलेला वेळ बोलण्याच्या सरावाला लावायचा. बाहुली दाखवून, हातवारे करून 'थर्स्टी' समजावण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा तहान म्हणा आणि पुढं चला.

पन्हाळा_बाई
सर बोलले ते निम्मं पटलं. मराठीत अर्थ सांगा हे बरोबर, पण आमच्याकडं काय होतंय, अर्थ सांगणं हाच तास होऊन बसतोय. ओळ वाचायची, मराठीत सांगायची, पुढची ओळ. घंटा वाजली. त्यामुळं मराठी किती आणि कुठं हे ठरवून घ्यायला पाहिजे. मी असं करते की रोजच्या कामाची वाक्यं, बसा उठा वह्या काढा कोण गैरहजर पाणी प्यायला जाऊ का, ही इंग्रजीतच, जूनमध्ये मराठी जोडून सांगायची आणि दिवाळीनंतर जोडायची नाही. वाक्यं थोडीच, पण रोज तीच. त्यात माझी पण जीभ वळली बघा, कारण पोरांसमोर बोलायला आपल्याला लाज वाटत नाही, साहेबांसमोर वाटते.
दुसरं, पोरांच्या चुका नीट ऐका, त्या मराठीतूनच आलेल्या असतात. 'तू कुठं जातोस' मधलं कुठं मधी असतंय म्हणून 'यू व्हेअर गो'. 'डू, डझ' असलं काही आपल्यात नाहीच, 'ए, द' पण नाही. तिथं नियम सांगून उपयोग नाही, 'व्हेअर डू यू' एका दमात म्हणायला लावायचं, व्हेअर डू यू लिव्ह, व्हेअर डू यू प्ले, गाण्यासारखं.
आणि मोठ्या मुलांसाठी एक. प्रभू म्हणून होते, मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये, त्यांनी १९७९ ते ८४ दक्षिणेतल्या साध्या शाळांत व्याकरण न शिकवता नुसती कामं देऊन इंग्रजी शिकवायचा प्रयोग केला. वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा आणि प्रश्न. मी एसटी स्टँडावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून आणते. व्हिच बस गोज टू कोल्हापूर आफ्टर टेन? व्हिच बस इज फर्स्ट? चौथीची पोरं भांडतात उत्तरावरनं. भांडतात मराठीत, पण उत्तर इंग्रजीत द्यावं लागतंय.

नाशिकचा_पालक
सगळं मान्य, पण एक पालक म्हणून सांगतो, आम्हाला काय दिसतं? शेजारचा पोरगा घरी येऊन इंग्लिश कविता धाडधाड म्हणतो. त्याला अर्थ कळत नाही हे आम्हाला कसं कळणार? तुमच्या शाळेत जे चाललंय ते पालकांना दाखवा की, नाहीतर पट कोर्स करून पण वाढणार नाही.

कोथरूडची_ट्रेनर
पालक बरोबर बोलतायत. पालकसभेत मुलांना पाठ केलेलं भाषण म्हणायला लावू नका. पन्हाळा बाईंच्या वेळापत्रकाचा तास पालकांसमोरच घ्या आणि प्रश्न पालकांना विचारू द्या, हवं तर मराठीत, उत्तर मुलं इंग्रजीत देतील.

जालन्याचा_मास्तर
लय आभार सगळ्यांचे. सेल्टा आणि एम.ए. दोन्ही बाजूला ठेवतो, इग्नूचं चौकशी करून बघतो. आमच्या केंद्रप्रमुखांना गटाचं विचारलं, ते म्हणले करा पण अहवाल मागू नका 😀 आम्ही पाच शाळांचे मास्तर मिळून बसणार आहोत.
बाई, ते एसटीचं चौथीला घ्यायचंय. वेळ कशी शिकवू, 'क्वार्टर पास्ट एट' वगैरे आधी घ्यावं लागंल का?

पन्हाळा_बाई
क्वार्टर हाफच्या भानगडीत आत्ता पडू नका, सरळ आकडे वाचू द्या, एट फिफ्टीन, टेन फोर्टी. संध्याकाळच्या गाड्या १७:३० अशा लिहिलेल्या असतील तर आधी मराठीत एकदा घड्याळाचा हिशोब करून घ्या, तिथं अडकतात. आणि फोटो काढताना कंट्रोलरला विचारून घ्या कुठली फेरी बंद झालीय, नाहीतर पोरंच उठून सांगतील की सर ती गाडी येतच नाही. सांगितलंच तर 'दॅट बस डझ नॉट कम' म्हणायला लावा.