'प्रोप्रिएते' : मालमत्ता, मालकी की आणखी काही?

चकवा : फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूदाँच्या उमेदीच्या वर्षांवर लिहितोय. १८४०च्या पुस्तकातलं त्याचं वाक्य मराठीत 'मालमत्ता म्हणजे चोरी' असं रूढ आहे. पण तो 'प्रोप्रिएते' (कायद्यानं मिळालेला हक्क) आणि 'पोसेस्याँ' (वस्तू प्रत्यक्ष हाताशी असणं, वापरणं) वेगळे काढतो, दुसऱ्याला त्याची ना नाही. मालमत्ता म्हटलं की आजीची पितळी भांडीसुद्धा चोरीची ठरतात!

गावठी : पहिल्याला मालकी, दुसऱ्याला वहिवाट. आमच्या भावकीत सातबाऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची. वहिवाट म्हणजे वाहती वाट, पाय पडतील त्याची.

उंबरठा : वाहती वाट ही पदरची भर. वहिवाट म्हणजे कारभार, प्रघातसुद्धा. सरळ 'कब्जा' म्हणा.

बोरूबहाद्दर : स्वामित्व आणि भोग असताना अरबी कब्जा कशाला?

गावठी : भोग कुठला, देवळातला की कर्माचा? माल आणि मत्ताही अरबीच, तेही टाका मग.

बोरूबहाद्दर : हसा. हा व्युत्पत्तीचा नाद प्रूदाँलाही होता. फ्रान्समधल्या बझाँसाँ गावच्या छापखान्यात लॅटिन बायबलची प्रुफं तपासता तपासता हिब्रू शिकला, १८३७त व्याकरणावर निबंध छापला. पुढच्या वर्षी तिथल्या अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षं, सालाना १,५०० फ्रँक. त्याच अकादमीला त्यानं हे मालकीवरचं पुस्तक अर्पण केलं! त्यात चोर म्हणजे मुळात 'लपवणारा' हे तो ग्रीक आणि हिब्रू शब्दांवरून दाखवतो.

उंबरठा : मग 'चोरी' तरी कशी बसते? मालक खंड आणि व्याज चारचौघांत, कायद्यानं घेतात. मी 'लूट' म्हणेन.

चकवा : लुटीत दरोडा येतो, तो नकोय. बरं, छापखान्यात तो खिळेही (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवायचा. तिथे 'जुळारी' लिहिलंय, चालेल?

शाईचे डाग : पुस्तकी! माझे आजोबा साताऱ्याला खिळे जुळवत. कंपोझिटरच म्हणायचे सगळे. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय की पंचांगही समोरच्या बाजूनं वाचत.

उंबरठा : आमच्याकडे जुळारीच म्हणत. चुलते त्यातलेच.

शाईचे डाग : पगारपत्रकावर असेल. हाक मारताना?

उंबरठा : हाक 'अण्णा' अशी मारायचे.

गावठी : खिळे मालकाचे, वहिवाट अण्णांची. झालं ना भाषांतर?

चकवा : वहिवाट मान्य. मालकी की मालमत्ता ते सांगा, लेख उद्या द्यायचाय.

बोरूबहाद्दर : आधी 'जुळारी'त री ऱ्हस्व की दीर्घ ते ठरवू.