माळ्यावर नाब्लुसचा साबण सापडला! बेथलेहेम, हेब्रोन, जेरिको पाहिलेल्यांनी लिहा

सोनटक्का:
दिवाळीची साफसफाई. माळ्यावरच्या बॅगेत मोज्यात खुपसलेला साबण निघाला. पांढरा, चौकोनी, कागदावर अरबी अक्षरं. २०१८ मध्ये अहो कामासाठी अम्मानला होते, तेव्हा जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून आठवडाभर पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकेत फिरलो, तेव्हाचा. नाब्लुसच्या जुन्या गावातला कारखाना. वड्यांचे माणसाहून उंच पोकळ मनोरे रचलेले, वारा खेळून वाळाव्यात म्हणून. शेजारी एक आजोबा मांडी घालून एकेक वडी कागदात गुंडाळत होते, पानवाला विडा बांधतो तसे. नजर आमच्याकडे, हात चालूच. ऑलिव्हचं तेल, पाणी, खार, बस. २०२४ मध्ये ही कला युनेस्कोच्या यादीत गेल्याचं वाचलं होतं, पण साबण आपल्याच घरात पडलाय हे साफ विसरले होते.

सध्या तिकडे कोण जातंय. ज्यांनी आधी पाहिलंय त्यांनी लिहा. चर्च, मशिदी, मठ, खड्डे, काहीही.

वसईचा_नाखवा:
पॅरिशची टूर, आईला घेऊन. बेथलेहेमच्या चर्चचं दार जेमतेम ४ फूट. घोड्यावरून कोणी आत घुसू नये म्हणून बुजवून लहान केलं म्हणतात. सगळे वाकून गेले, मी मागे वळून आईला "सांभाळ गं" म्हणालो आणि माझंच टाळकं चौकटीवर. खाली गुहेत १४ टोकांची चांदीची चांदणी, तिथे येशूचा जन्म. दीड तास रांग आणि आत अर्धं मिनिट. आईने गुडघे टेकले, रोझरी चांदणीला लावली, शेजारच्या तिघींच्याही लावून घेतल्या. मागून "यल्ला यल्ला", म्हणजे चला चला. बाहेर आल्यावर म्हणते, डोळे मिटले होते रे, चांदणी बघायचीच राहिली. परत रांगेत उभे!!

अर्धाकप:
हाहा, काकूंना नमस्कार सांगा
सोनटक्काताई, साबण वापरणार की नुसता वास घेणार?

खापरपणजोबा:
खड्डे म्हणालात म्हणून. जेरिको. जगातलं सर्वांत जुनं शहर वगैरे ऐकून गेलो. रणरणतं ऊन, मातीची टेकडी, आणि खरोखर खड्डे. बायको म्हणाली यासाठी आणलंत? एका खड्ड्यात दगडी बुरूज दिसतो, साडेआठ मीटर उंच, पोटात २२ पायऱ्या. वय १० हजार वर्षं. मडकं भाजायची विद्या यायच्या आधी या लोकांनी जिना बांधलाय. मी तिथे पाऊण तास उभा होतो. बायको सावलीत खजूर खात होती, तेही उत्तम.
तिथलाच हिशामचा महाल चुकवू नका. ८व्या शतकातलं मोझेक. झाडाखाली एका बाजूला दोन हरणं निवांत चरतायत, दुसऱ्या बाजूला सिंहाने तिसऱ्याला धरलंय. खडे इतके बारीक की हरणाच्या अंगावरची छटा बदलताना दिसते.

रेमेदी_मावशी:
जेरिकोत जक्कयचं झाड पण आहे, येशूला बघायला गर्दीत झाडावर चढला तो. आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबराचं, त्यामुळे लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे औदुंबर. तिथे गेले तर खरंच उंबराचं भावंड!! खोडालाच फळं लगडलेली. तेच झाड का ते देव जाणे. फोटो काढला, मोबाईल बिघडला, गेला.

पायरीचा_आंबा:
नाब्लुसचा विषय आणि कुनाफा नाही???? निषेध
खाली खारवलेलं चीज (मीठ पाण्यात काढून टाकतात), वर केशरी कुरकुरीत थर, त्यावर पाक. परात संपायच्या आत खायचा, गार झाला की चिवट.

अर्धाकप:
घरी पनीर घालून केला होता. शेवयांचा उपमा झाला.

पायरीचा_आंबा:
पनीर वितळत नाही हो!! मोझरेला घाला. लिहिते सविस्तर, मुलगी उठली

शनवार_तेली:
मूळ आम्ही अलिबागकडचे बेने इस्रायल, आता आत्या इस्रायलमध्ये लोदला. ती दरवर्षी राहेलच्या (बायबलातल्या याकोबाची बायको) कबरीला जाते. बेथलेहेमच्या टोकालाच आहे, पण भोवती काँक्रीटची उंच भिंत, यरुशलेमकडून बस थेट आत. कबरीभोवती लाल दोरा ७ वेळा गुंडाळतात, तो माझ्या मनगटाला होता. मी म्हटलं आत्या, चर्च एवढं जवळ, बघून येऊ. तिने मला रस्त्यावरची लाल पाटी दाखवली, पुढे पॅलेस्टिनी हद्द, इस्रायली नागरिकांना मनाई. माझा पासपोर्ट भारतीय, मी गेलो. ती म्हणाली मला फोटो पाठव. ५० वर्षं त्या देशात राहतेय.

रेमेदी_मावशी:
🙏 आत्यांना सांगा, पुढच्या वेळी माझ्याबरोबर वसईच्या चर्चला चला, तिथे पाटी नाही

कोपरखळी:
हेब्रोन कोणीच लिहिलं नाही. इमारत एक, दारं दोन. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच मानतात त्या अब्राहामची कबर, आमच्या गाईडच्या तोंडी इब्राहिम. हेरोदच्या काळातल्या भिंती, एकेक दगड खोलीएवढा. १९९४ मध्ये इथे नमाज चालू असताना गोळीबार झाला, त्यानंतर आत वाटणी झाली, एका बाजूला मशीद, दुसऱ्या बाजूला सिनेगॉग. मशिदीत शिरताना मला टोपीवाला झगा दिला, त्यात मी अगदी बटुक दिसत होते. अब्राहामची कबर दोन्हीकडून जाळीच्या खिडकीतून दिसते. मी वाकून बघतेय तर समोरच्या जाळीत एक दाढीवाला माणूस, तोही वाकलेला. दोघंही एकदम मागे सरलो.
बाहेर जुन्या बाजारावर लोखंडी जाळी, वरच्या घरांतून टाकलेला कचरा अडकलेला. खाली निळ्या काचेची दुकानं, बहुतेक बंद. एक पेला घेतला, विमानात फुटला.

अर्धाकप:
मोबाईल बिघडला, पेला फुटला. या धाग्यावर साबणच वाचला फक्त.

खापरपणजोबा:
नाब्लुसला याकोबाची विहीर पण पाहिली, चर्चच्या तळघरात. पेलाभर पाणी ओततात आणि गप्प उभे राहतात. आपण मोजायचं. आवाज यायला इतका वेळ लागतो की वाटतं पाणी वाटेतच सुकलं. खोली ४० मीटरच्या आसपास. बायबलात येशूला भेटते ती शोमरोनी बाई इथेच पाणी भरायला यायची. शोमरोनी लोक (ज्यूंच्या जवळचा जुना पंथ) अजून आहेत बरं, काही वर गेरिझीम डोंगरावर, काही इस्रायलमध्ये होलोनला, सगळे मिळून हजाराच्या आत.

सुगरण_नाही:
बेथलेहेमजवळचा मार साबा हा ख्रिस्ती मठ, ५व्या शतकातला, दरीच्या कड्याला चिकटलेला. बायकांना आत प्रवेश नाही. नवरा आत गेला, मी दगडावर बसून चिवडा संपवला. दरी मला जास्त दिसली.

कोपरखळी:
चिवडा कुठला? पातळ पोह्यांचा?

सुगरण_नाही:
भाजके पोहे, आईचा

सोनटक्का:
किती लिहिलंत सगळ्यांनी! रात्री अहोंना वाचून दाखवते. नाखवादादा, दुसऱ्या रांगेत तरी दिसली का चांदणी?

वसईचा_नाखवा:
दिसली. म्हणे वाटली त्यापेक्षा लहान आहे.

अर्धाकप:
आणि साबण?

सोनटक्का:
आज पहाटे काढला. फेस बेताचाच, वास नाहीच म्हणा. सासूबाईंनी हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, कपड्यांचा का गं?