कुकीज : आधी सगळ्यांना मनाई, मग निवडक साइटांना परवानगी

रानपाखरू
ब्राउझरमध्ये कुकीज, म्हणजे साइट आपल्या यंत्रात ठेवते त्या ओळखीच्या छोट्या नोंदी, सरसकट बंद असाव्यात आणि जिथे लॉगइन राहायचं आहे तेवढ्याच साइटांना परवानगी द्यावी, असं माझं ठाम मत आहे. माझी यादी जेमतेम आहे: बँक, मेल, रेल्वे आरक्षण, वीजबिल. बातमी वाचायला किंवा पाककृती बघायला कुकी लागतेच कशाला?

१९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मोंटुली यांनी कुकी आणली ती पान बदललं तरी सर्व्हरला गिऱ्हाईक ओळखता यावं म्हणून. पुढे पानात बसवलेल्या जाहिरातीचा सर्व्हरही आपली कुकी ठेवू लागला. तोच सर्व्हर असंख्य साइटांवर हजर असल्यामुळे आपण कुठून कुठे गेलो ते त्याला आयतं कळतं. अशा तिऱ्हाईत कुकीज ब्राउझरने आपणहून चालू ठेवू नयेत, हे १९९७ च्या तांत्रिक मसुद्यातच, आरएफसी २१०९ मध्ये, लिहिलेलं होतं. सफारी ब्राउझरने त्या २०२० मध्ये पूर्ण बंद केल्या. क्रोमने त्याच वर्षी 'दोन वर्षांत बंद करू' म्हणून जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडला. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात क्रोमच असतो, म्हणून हे काम आपणच करायला हवं.

काळी_शाई
ताई, तीव्र असहमत. मी एका जिल्ह्यापुरती छोटी बातम्यांची साइट चालवतो. वाचक कोण आहे हे जाहिरातदाराला कळलं नाही की त्या जागेचा भाव पडतो. मराठी वाचक वर्गणी भरत नाही, जाहिरातीही गेल्या तर वार्ताहराला मानधन कुठून द्यायचं? मोठ्या कंपन्यांना काही फरक पडणार नाही, त्यांच्याकडे लोक स्वतःच लॉगइन करून बसलेले असतात. मरणार आम्ही.

रानपाखरू
तुमची अडचण खरी आहे. पण छापील अंकात लग्नसराईच्या पुरवणीत शालूची जाहिरात येते, तेव्हा वाचकाच्या मागे कुणी फिरत नाही. मजकूर पाहून जाहिरात लावता येते. भाव कमी मिळेल हे मान्य, पण ती तूट माझ्या पाळतीतून भरून निघावी हे मला मान्य नाही.

कोडगाव
वेबचं काम करतो म्हणून सांगतो, सरसकट मनाई चालवणं अवघड आहे. 'कुकीज नको' हे तुमचं उत्तरसुद्धा साइट बहुधा कुकीतच लिहून ठेवते. तीच बंद केली तर परवानगी विचारणारा तोच फलक दर वेळी समोर येणार. काही दुकानांत पैसे भरताना बँकेचं पान त्याच पानाच्या पोटात उघडतं, तेही अडू शकतं.

फायरफॉक्सचा मार्ग मला जास्त पटतो. जून २०२२ पासून तिथे प्रत्येक साइटसाठी कुकीजचा वेगळा डबा असतो, म्हणजे तिऱ्हाइताला एका साइटवर ठेवलेली कुकी दुसऱ्या साइटवर वाचता येत नाही. क्रोममध्ये तिऱ्हाईत कुकीज बंद करा, अडलेल्या साइटला अपवाद द्या आणि खिडक्या बंद केल्यावर बाकीचा साठा पुसला जाईल अशी सेटिंग लावा. एवढं पुरतं.

माहेरवाशीण
पुसण्यालाही माझा विरोध आहे. आईबाबांच्या लॅपटॉपवर असं केलं की बँकेला ओळखीचं यंत्र अनोळखी वाटतं आणि परत परत ओटीपी मागितला जातो. ओटीपी येणं ही रोजची गोष्ट झाली की माणूस सावध राहत नाही. फसवणाऱ्याचा फोन आला तर ओटीपीही सवयीने सांगून टाकेल. सत्तरीतल्या माणसांसाठी हा धोका जाहिरातीपेक्षा फार मोठा आहे.

रानपाखरू
म्हणूनच तर यादी हवी! बँकेला कायमची परवानगी द्या, तिची कुकी पुसायचीच नाही. यादी घरातल्या जाणत्याने एकदा बसून करून द्यावी.

राईनकाठ
जर्मनीत राहतो. सेटिंगवर भिस्त ठेवू नका, कायदा लागतो. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरवलं. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर 'सर्व नाकारा' बटण समोर दिसू लागलं. भारताच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण संमती मुक्त आणि स्पष्ट हवी हे आहे. दबाव तिथे आणायला हवा.

कोडगाव
कायदा हवाच. पण कुकी अडवली तरी स्क्रीनचा आकार, फाँट, ग्राफिक्स कार्ड यांवरून यंत्र ओळखणारे आहेत, आणि ते तुमच्या यादीला जुमानत नाहीत.

रानपाखरू
ते ओळखतात म्हणून कुकीवाल्यांनाही मोकळं सोडायचं, हे मला पटत नाही. कुकी निदान मला दिसते, पुसता येते.

माहेरवाशीण
एक राहिलंच. आमच्याकडे निम्म्या लिंका समाजमाध्यमांच्या अ‍ॅपमध्येच उघडतात. कोडगाव, तिथे क्रोमची यादी लागू होते का?

कोडगाव
अ‍ॅपने स्वतःची खिडकी वापरली असेल तर नाही, तिचा कुकीजचा साठा वेगळा असतो. तीन ठिपक्यांच्या मेनूत 'ब्राउझरमध्ये उघडा' असा पर्याय मिळाला तर आईबाबांना तो वापरायला शिकवा.