मदत हवी: ₹3,150 उरलेत, गणेशचवथीचे पैसे पोकरमध्ये घालू की खालच्या टेबलावर उतरू?

(जुलै 2024)

नमस्कार मंडळी. मी मालवणचा. घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, त्यामुळे खोल्याही रिकाम्या. रात्री जेवणं आटपली की फोनवर पोकर खेळतो. नो-लिमिट होल्डेम (पैजेला वरची मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार), सहा जणांचं टेबल, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची छोटी आणि मोठी रक्कम) ₹1/₹2, बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) ₹200.

फेब्रुवारीत धंदा चालू असताना ₹6,000 बाजूला काढून भरले. 28 टक्के जीएसटी वजा होऊन खात्यात ₹4,688 आले. घाई केली नाही, वहीत रोजचा हिशेब लिहीत गेलो, मे अखेर ₹7,400 झाले. मग पंप बिघडला. दुरुस्तीचे पैसे लवकर निघतील म्हणून ₹2/₹5 वर बसलो आणि दोन रात्रींत ₹500 चे चार बाय-इन गेले. परत ₹1/₹2 वर आलो, पण डोकं शांत नव्हतं. जे पत्ते एरवी टाकून दिले असते ते खेळत बसलो. त्यात एका रात्री तीन टेबलं उघडी असताना लाइट गेली, मागोमाग टॉवर गेला. हातात सेट (एकाच नंबरचे तीन पत्ते) होता, मध्ये जमलेला पॉट ₹180 चा, आणि वेळ संपल्यावर हात, म्हणजे तो डाव, आपोआप फोल्ड झाला, पत्ते टाकले गेले. आता ₹3,150 उरलेत.

कपाटात चवथीसाठी साठवलेल्या पैशांचा डबा आहे. त्यातले ₹3,000 घातले तर पुन्हा नीट खेळता येईल असं वाटतं. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही आणि त्याचं मनावर ओझं आहे. मला खरंच नीट खेळायला शिकायचंय. किती बाय-इन हवेत, आणि खाली, कमी रकमेच्या टेबलावर, कधी उतरायचं?

प्रतिसाद 1

भाऊ, आधी एकच सांगतो: चवथीच्या पैशांक हात लावू नको. गेले तर घरात कुणाला त्रास होणार नाही एवढीच रक्कम बँकरोल, म्हणजे खेळायची पुंजी, म्हणायची. डब्यातले पैसे सणाचे आहेत, ते त्यात धरूच नका.

₹3,000 भरलेत तर ₹656 जीएसटीत जातील आणि टेबलावर ₹2,344 पोचतील. म्हणजे एकही पत्ता वाटण्याआधी ₹1/₹2 चे तीन बाय-इन कमी झाले.

आता मूळ प्रश्न. आत्ता तुमच्याकडे ₹1/₹2 चे जेमतेम सोळा बाय-इन आहेत. ते कमी आहेत. 50 पैसे/₹1 चं टेबल असेल तर तिथे बाय-इन ₹100, म्हणजे तुमच्याकडे एकतीस होतात. तिथे बसा. वरच्या टेबलाचे तीस बाय-इन जमले की वर जायचं, वीसच्या खाली आले की त्याच रात्री उतरायचं. ₹2/₹5 साठी तीस म्हणजे ₹15,000. तुम्ही ₹7,400 वर तिथे बसलात, म्हणजे पंधरा सुद्धा नव्हते. तुमचा खेळ वाईट होता असं यावरून ठरत नाही, रक्कम टेबलाच्या मानाने तोकडी होती.

तीस कशाला, तर हे बघा. सहा जणांच्या टेबलावर चढउतार 100 हातांमागे साधारण 90 बिग ब्लाइंडचा (मोठ्या ब्लाइंडच्या 90 पट) असतो. तो हातांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 10,000 हातांत तो 900 होतो. बाय-इन 100 बिग ब्लाइंडचा, म्हणजे नऊ बाय-इन. आता समजा तुम्ही चांगले खेळता आणि 100 हातांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड कमावता. तरी 10,000 हातांत अपेक्षा फक्त 500 ची. म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा एवढ्या हातांनंतर तोट्यात असू शकतो, आणि तसं दहांतल्या जवळपास तीन जणांचं होतं. माझे वडील मासेमारीला जायचे. डिझेल-बर्फाचा खर्च अंगावर घेऊन होडी रिकामी परत यायची, तेव्हा पुढच्या फेरीचे पैसे आधीच वेगळे ठेवलेले असायचे.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत. दोन गोष्टी जोडते. पावसात एकाच टेबलावर बसा आणि ढग गडगडायला लागले की उठा. वायफायच्या भरवशावर राहू नका, लाइट गेली की राउटरही जातो. दुसरं, एका रात्रीत दोन बाय-इन गेले की फोन ठेवायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टिल्ट आलाय, म्हणजे हरल्याच्या रागात खेळ बिघडलाय, हे त्या वेळी आपलं आपल्याला कळत नाही, त्यामुळे नियम आधीच ठरवलेला बरा.

छोट्या टेबलावर रेक (पॉटमधून अ‍ॅप कापून घेतं ती रक्कम) टक्केवारीत जास्त लागतो, म्हणून मोजकेच हात खेळा. आणि वर्षभराच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस आहे. हरलेले पैसे खोल्यांच्या उत्पन्नातून वजा करता येत नाहीत, हेही धरून चला.

वहिनींना सांगा. पैसे गेले यापेक्षा लपवलं याचंच जास्त लागतं. माझ्या घरी हे होऊन गेलंय, म्हणून लिहिते.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री वही तिच्यासमोर ठेवली. ती आधी चिडली, मग एकेक पान वाचत बसली. डबा तिने स्वतःकडे घेतलाय. मी 50 पैसे/₹1 वर उतरलोय, एकच टेबल.

मूळ लेखक (ऑगस्ट 2025)

धागा वर काढतोय, कारण कुणी जुना सल्ला वाचून पैसे भरायला जाईल. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झालाय. संसदेत 21 ऑगस्टला मंजूर झाला, 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, पोकरसकट, आता बंद. कौशल्याचा खेळ असला तरी सूट नाही. माझ्या अ‍ॅपवरची टेबलं बंद झाली, फक्त पैसे काढायची सोय चालू आहे. ज्यांचे अडकलेत त्यांनी लगेच काढून घ्या.

वर्षभर 50 पैसे/₹1 वरच होतो. ₹6,000 ची (₹1/₹2 चे तीस बाय-इन) वेळ आलीच नाही, म्हणून ₹1/₹2 वर परत गेलो नाही. शेवटी खात्यात ₹4,860 होते. सोमवारी ते बँकेत आले आणि आम्ही दोघांनी वहीत शेवटची नोंद केली. बुधवारी चवथ आहे, गणपतीवरची माटवी (फळा-फुलांचं छत) बांधायची बाकी आहे.